बांधाचे दगड

फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

समुद्राकाठी ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. त्याची शेतं भरतीच्या पाण्याहून खोलात होती. वाडवडिलांनी घातलेला दगडी बांध खारं पाणी अडवायचा, म्हणून आत भात पिकायचा.

एका साली गावात पटकीची साथ आली. वाचले त्यांनी नवस केला, "मारियामातेसाठी असं चर्च बांधू, की रोमहून पोपनं त्याला बॅसिलिकेचा, थोर चर्चचा, मान द्यावा!"

काम पास्कू गवंड्याकडे आलं. साथीत त्याची धाकटी लेक गेली होती. तिचं नाव घेऊन त्यानं पायाचा पहिला दगड बसवला.

वीस वर्षं भिंती चढत गेल्या. मनोरा अर्ध्यावर आला आणि टेकडीवरचा दगड संपला.

गावचा पाटील म्हणाला, "बांधात दगड थोडे का आहेत? आतल्या अंगाचे काढू."

पास्कू म्हणाला, "पाटील, आतल्या दगडांवरच बांध उभा आहे. ते काढले तर उधाण सोसायचा नाही."

"ज्यानं समुद्र केला, त्याच्याच घराला दगड देतोय आपण. तो बुडवेल होय आपल्याला?"

जमलेल्या गावकऱ्यांनी माना डोलावल्या. पास्कूनं अर्ध्या मनोऱ्याकडे पाहिलं. त्याचे केस पिकले होते. पुरा झालेला मनोरा त्यालाही डोळ्यांनी पाहायचा होता.

घरी बायको रेजीन म्हणाली, "ओळंब्याच्या दोरीबाहेर एक दगड गेला तर दहादा ओरडता. आज एकदाच बोललात?"

 सकाळी बांधाचा पहिला दगड पास्कूनंच उपसला.

मनोरा झाला. मोठा सण झाला, मानासाठी रोमला अर्ज गेला. लोकांनी पास्कूला खांद्यावर घेतलं.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदाच्या उधाणात बांध फुटला. रेजीन गोठ्यातली गुरं सोडायला धावली, ती परत आली नाही. शेतांवर मीठ साचलं, विहिरी खाऱ्या झाल्या. पाटलासकट एकेक घर गाव सोडून गेलं. चर्चला मात्र साधी चीरही पडली नव्हती.

पास्कू एकटाच मागे राहिला. कुठे जाणार?

काही वर्षांनी रोमचं पत्र घेऊन एक दूत आला. ओस पडलेल्या चर्चमध्ये उभं राहून त्यानं पत्र वाचलं. रोमनं बॅसिलिकेचा मान दिला होता.

"गावकऱ्यांना बोलवा, आजोबा. आनंदाची बातमी आहे."

"मीच गाव," पास्कू म्हणाला.

दूत गोंधळला. त्यानं पत्र म्हाताऱ्याच्या हाती दिलं आणि तो आल्या वाटेनं निघून गेला. पास्कूला वाचता येत नव्हतं. त्या थंडीत तो गेला. त्याला माती द्यायला शेजारगावची परकी माणसं आली. त्यांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

तात्पर्य : माणसांचा आधार काढून देवाचं घर उभं राहतं, पण त्यात गुडघे टेकायला कोणी उरत नाही.