ठकूआईचा गलका

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वीची गोष्ट. तांबडमाळ गावात तेव्हा ना शाळा होती ना सडक, पण हुतूतूचं वेड मात्र घरोघर. पोरंच काय, पोरीही कासोटा मारून खेळायच्या. याच गावात ठकूआई नावाची सुईण होती. अर्धा गाव तिच्या हातून जन्माला आला, असं म्हणतात. उरलेला अर्धा तिच्या आवाजाला घाबरून आपणहून बाहेर आला, असंही म्हणतात!

गावातली सगळ्यात तरबेज पोर म्हणजे गजरा. हुतूतू, हुतूतू करत एका दमात मैदानाला तीन फेरे मारायची. पण जत्रेच्या सामन्यात नदीपलीकडची माणसं बांधावरून ओरडायला लागली, "अगं, भाकरी करपली, घरी पळ!" की गजराचा दम तुटलाच. दम तुटला की गडी बाद. लागोपाठ दोन जत्रा असंच झालं. तिसरी जत्रा महिन्यावर आली तेव्हा तिचा बाप रावजी भडकला. "औंदा दम तुटला तर मैदान कायमचं बंद," तो म्हणाला, आणि गाडी जुंपून महिनाभरासाठी भाड्यानं माल वाहायला निघून गेला.

गजरा रडत ठकूआईकडे गेली. ठकूआईनं तिच्या पाठीला कान लावला.

"दम तर बख्खळ हाय की गं! बाळंतिणीच्या उशाशी धा बाया कालवा करत्यात, तरी मी तिला दम धरायला शिकवते. तुला न्हाई व्हय शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी तिनं गावातल्या झाडून साऱ्या बाया ताटं-पळ्या घेऊन मैदानावर बोलावल्या. गजरानं हुतूतू करत दम घुमवायचा आणि बायांनी तिला हिणवायचं! पहिल्या दिवशी कुणाची जीभच उठेना. "गजरे, तू जराशी... वाईट खेळतीस बाळा," एवढंच तिची आई पुटपुटली. ठकूआईनं कपाळावर हात मारून घेतला. पण चार दिवसांत बाया अशा रंगात आल्या की विचारू नका! "ए बुजगावण्या!" काय, "लंगडी कोंबडी!" काय! ताटांच्या त्या दणदणाटानं माळावरची पाखरं महिनाभर फिरकली नाहीत, असं म्हणतात. गजरा आठ दिवस रडली. नवव्या दिवशी मात्र दम घुमवता घुमवताच तिला हसू फुटलं, आणि तरीही दम तुटला नाही. ठकूआई कुणाला शाबास म्हणणाऱ्यातली नव्हती. तिनं मान डोलावली आणि ती घरी गेली.

जत्रा आली. सामना असा रंगला की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला आणि तो खांबावर चढून बसला. तांबडमाळच्या पोरी एकेक करून बाद झाल्या. उरली एकटी गजरा, आणि समोर पलीकडच्या सातजणी! गजरा दम घुमवत आत शिरली, तशा सातीजणी तिच्यावर तुटून पडल्या. मधली रेघ चार हात लांब. बांधावरून आरडाओरडा सुरू झाला. आणि मग काय झालं माहीत आहे? महिन्याची सवय! तांबडमाळच्या बाया उठल्या आणि आपल्याच पोरीला हिणवू लागल्या. "ए लंगडे कोंबडे! ओढ की!" गजराच्या सख्ख्या आईचा आवाज सगळ्यांच्या वर. पलीकडच्या पोरी हे ऐकून अशा चक्रावल्या की त्यांच्या पकडी सैल पडल्या. गजरा इंचाइंचानं सरकू लागली.

रावजी त्याच घटकेला गाडी सोडून थेट जत्रेत पोचला होता. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या पोरीला अख्खा गाव नावं ठेवतोय हे पाहून त्याचं डोकं फिरलं. तो बांधावर चढून गरजला, "खबरदार! वाघीण हाय माझी गजरा! तिच्यावानी पोर साऱ्या मुलखात न्हाई!"

गजराचा दम थरथरला, तो तेव्हा. शिव्यांची सवय झाली होती तिला. बापाच्या तोंडून कौतुक ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. डोळे भरून आले. ठकूआई उठून उभी राहिली. पण गजरानं रडत रडत दम घुमवत ठेवला. म्हशी नदीवर गेल्या, डुंबल्या, परत आल्या, तरी तिचं हुतूतू चालूच होतं, असं म्हणतात. अखेर सातहीजणींना फरफटत नेऊन तिनं रेघेवर हात टेकला! जत्रेत एकच जल्लोष उडाला. "कालव्याचं शिकवलं मी," ठकूआई डोळे पुसत म्हणाली, "पर ह्येचं शिकवायचं राहूनच गेलं बघा."

आता ते राहत नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी तांबडमाळात ठकूआईचा गलका होतो. खेळणाऱ्या प्रत्येक पोरीला आधी अख्खा गाव ताटं बडवून हिणवतो. मग सगळे गप्प होतात आणि तिचा बाप पुढे येऊन तिच्याबद्दल मनातलं चांगलं मोठ्यानं बोलतो. तोवर पोरीनं दम घुमवायचा. गेल्या साली एक बाप पुढे आला आणि त्याचेच डोळे भरून आले. तोंडातून शब्द फुटेना. आणि त्याची नऊ वर्षांची पोर हुतूतू, हुतूतू करत त्याच्याभोवती फिरत राहिली, त्याला बोलता येईपर्यंत.