रंगाखालचं लोखंड

"मग राहिलं काय, ते तरी सांगा," आरवाडे मास्तर म्हणाले.

दस्तगीर मिस्त्री मोटरसायकलभोवती दुसरी फेरी मारत होते. गाडीला त्यांनी अजून बोटही लावलं नव्हतं.

"राहिलं कायबी नाही, मास्तर... तेच दिसतंय."

मास्तरांना ते कौतुक वाटलं. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस. कौतुक ओळखायला वेळ लागत नसे.

गाडी त्यांच्या वडिलांची, आप्पांची. गुरांच्या दवाखान्यातल्या नोकरीत आप्पांनी तिच्यावरून पंचवीस वर्षं गावं पालथी घातली, मग ती गोठ्यात गंजत पडली. मास्तरांनी आठ महिने खपून ती उभी केली. नवं असं फारसं आणलं नाही. टाकीचा पोचा लाकडी हातोडीने काढला, बाजूची झाकणं तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापली, सीटला सोफेवाल्याकडचं उरलंसुरलं रेक्झिन शिवलं. रंग मात्र स्वतः मिसळला, पिकल्या जांभळासारखा. टाकीवरची सोनेरी रेघ तर पट्टी न लावता, श्वास रोखून एका दमात ओढलेली.

येणारे-जाणारे थांबून बघत. गाडी तेवढी सुरू होत नव्हती.

प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा धुतला, कॉइल दुसरी बसवली. ठिणगी नाही म्हणजे नाही. शेवटी मास्तरांनी ती टेंपोत घालून मिस्त्रींच्या दारात आणली, कारण आता दिवस उरला नव्हता. उद्या सकाळी थोरला भाऊ येऊन आप्पांना बेळगावला नेणार होता, ते कायमचंच. आप्पांची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. रंग कोणता दिलास, हे त्यांनी कधी विचारलं नाही. जायच्या आधी एकदा तिच्यावर बसून हरिपूरपर्यंत जाऊन यायचंय, एवढंच म्हणत.

टेंपोतून तेही आले होते. बाकावर काठी धरून बसले होते.

मिस्त्रींनी विचारलं, रंग कशाकशाला दिलाय?

"सगळ्याला." मास्तरांचा आवाज जरा चढला. "एक सांधा सोडला नाही. इंजिन ज्या बोल्टांवर बसतं, त्यांची भोकंसुद्धा आतून रंगवलीत. सात थर."

"काळी वायर सांगाड्याला कसतात... तिथं?"

"तिथं तर आधी."

मिस्त्रींनी पेटीतून कानस काढली आणि मास्तरांच्या हातात ठेवली. मग टाकीखाली बोट दाखवलं.

"इथं खरवडा. लोखंड दिसंपर्यंत."

मास्तर हसले. मिस्त्री हसले नाहीत.

मग मास्तर बोलतच सुटले. गॅरेजवाले असलंच काहीतरी करतात म्हणून आपण आजवर गाडी कुणाच्या हाती दिली नाही. एकेक थर सावलीत वाळवलाय. एकदा कानस लागली की कितीही रंग भरा, जोड दिसतोच. दुसरा काही उपाय असेल तर सांगा.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच तीन चहा सांगितले.

"वीज वायरीतनं जाते, मास्तर. परत यायला तिला लोखंड लागतं... तुम्ही दारच लावून घेतलंय."

मास्तरांनी कानस मिस्त्रींपुढे धरली. हळू आवाजात म्हणाले, "मग तुम्हीच खरवडा. माझ्या हातानं नाही व्हायचं."

"रंग कुणाच्या हातचा?"

बाकावरून आप्पा बोलले, "खरवड की, बाळ. मला तर दिसत न्हाई. वाईट वाटलं तर तुला एकट्यालाच वाटंल."

मास्तर गुडघ्यावर बसले. कानस पहिल्यांदा फिरली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. जांभळी भुकटी त्यांच्या चपलेवर पडली. दुसऱ्यांदा फिरली. तिसऱ्यांदा... आणि करंगळीच्या नखाएवढं पांढरं लोखंड चकाकलं. मिस्त्रींनी आणखी दोन जागा दाखवल्या, इंजिनाच्या बोल्टांपाशी. त्याही मास्तरांनीच खरवडल्या, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून. काळी वायर त्यांनी उघड्या लोखंडावर कसली.

पहिली किक कोरडी गेली.

दुसऱ्या किकला गाडी धडधडली. अशी की समोरच्या टपरीवरची माणसं हातातल्या कपांसकट उठून उभी राहिली.

आप्पाही उठले. काठी बाकापाशीच राहिली. आवाजाच्या रोखाने सरळ चालत आले, सीट चाचपली आणि वासरावरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती."

पाऊण तासाने बापलेक हरिपूरहून परत आले ते हॉर्न वाजवतच. आप्पांच्या डोईवरची टोपी वाऱ्याने गेली होती आणि तिची दोघांनाही फिकीर नव्हती. मास्तर ज्याला त्याला सांगत सुटले, आप्पा मागे बसून प्रत्येक वळण आधी सांगत होते. एकसुद्धा चुकलं नाही. परत येताना तर, कुणाची म्हैस विताना कुठे अडली होती, तेही सांगत होते.

गाडी बंद करायला मास्तरांचा हात धजेना. चालूच ठेवून ते मिस्त्रींजवळ आले.

"एक सांगा, उस्ताद. गाडीला हात न लावता ओळखलंत कसं?"

मिस्त्री रॉकेलमध्ये एक चेन धूत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"माझी पहिली गाडी पोपटी होती, मास्तर. लई देखणी... दीड वर्ष ढकलली मी तिला."