राजाची नाळ

एका राज्यात रीत होती. मूल जन्मलं की त्याची नाळ रानातल्या एका झाडाच्या मुळाशी पुरायची. मग ते झाड त्या मुलाचं आणि मूल त्या झाडाचं. एका रणशूर राजाची नाळ तेवढी पुरली नव्हती. राजमातेचा मातीवर भरवसा नव्हता. तिनं ती सोन्याच्या डबीत घालून महालात ठेवली.

राजा मोठा झाला. त्याला डोंगराहून उंच लाकडी मनोरा हवासा झाला. रानात कुऱ्हाडी चालू लागल्या, आणि रानाच्या वनदेवीच्या शापानं ज्याचं झाड पडे त्या लेकराचं लाकूड होऊ लागलं.

सारजाच्या तान्ह्या बकुळचे पाय घोट्यापर्यंत लाकडाचे झाले, कारण तिच्या जांभळीला एक घाव बसला होता. दुसरा घाव घालायला खुद्द राजा येणार होता. सारजानं लेक पाठीशी बांधली आणि ती वनदेवीपुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या लेकीनं कुऱ्हाड धरली होती?"

"नाही."

"मग शाप हिला का? राजाला धर."

"त्याची नाळ माझ्या मातीत नाही. तिथं माझा हात पोचत नाही."

"म्हणजे तुझा जोर लेकरांवरच. मग त्याच्यात नि तुझ्यात फरक काय?"

देवीच्या खांद्यावरचा भारद्वाज खुदकन हसला. देवीनं त्याच्याकडे डोळे वटारले. मग म्हणाली, "त्याच्या नाळेची डबी महालातून आणून पूर. मग बोल."

महालाच्या पहिल्या दारात नाग होता. सारजानं बकुळची अंगाई म्हटली, तो झोपला. दुसऱ्या दारात राजाच्या जादूगारानं पेटवलेली आग होती. तिनं तीत दुधाची धार सोडली, आग विझली. तिसऱ्या दारात म्हातारी राजमाता डबी पदराखाली घेऊन बसली होती.

"देणार नाही. मातीत किडा असतो, मुंगी असते. पोराला काही झालं तर?"

"मीही तशीच आहे, आईसाहेब. ही शिंकली तरी माझा जीव वर-खाली होतो. पण तुम्ही इतकं जपलंत, की त्यांना कुणाचंच दुखणं कळेना."

तिनं बकुळला राजमातेच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीनं पायांवरून हात फिरवला. बोटात कुसळ गेलं. तिनं डबी पुढे केली.

राजा जांभळीपाशी आला तेव्हा लेक पुन्हा पाठीशी बांधून सारजा हातांनी माती लोटत होती.

"बाजूला हो."

"होत नाही. तुमची नाळ पुरलीय इथं, महाराज. आता घाला घाव."

कुऱ्हाड सालीला टेकली मात्र, राजाच गुडघ्यावर कोसळला. जन्मात पहिल्यांदा त्याला दुखलं. त्याचे पाय लाकडाचे होऊ लागले.

"आता हा माझा," झाडामागून पुढे येत देवी म्हणाली.

सारजा दोघांच्या मध्ये उभी राहिली. "आधी लेकरं सोड. मग ह्यालाही सोड. ह्यालाही आई आहे. आम्ही नाळ पुरतो ती नातं म्हणून, ओलीस म्हणून नाही."

देवीनं राजाकडे पाहिलं. राजानं कुऱ्हाड खाली ठेवली. भारद्वाज तीनदा घुमला. तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले, राजाचे पाय पुन्हा हाडामासाचे झाले, घरोघरची लेकरं उठून भूक लागली म्हणाली, आणि बकुळनं पाय झाडले ते थेट राजाच्या मुकुटावर.

त्या राज्यात अजून राजाच्या घरी मूल जन्मलं, की खड्डा खणायला आजी स्वतः रानात जाते.