पसारा शब्दाचं जन्मगाव

फार फार जुनी गोष्ट. आपल्या पणज्यांच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची. लहानांनी ऐका, आणि स्वतःला शहाणे समजणाऱ्या मोठ्यांनी तर जरूर ऐका.

एकदा राणी राजाला म्हणाली, "राज्यात नुसता पसारा झालाय!"

राजाने हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्याने पंडितांना अर्थ विचारला. एक म्हणाला, सांडलेलं ते. दुसरा म्हणाला, मिसळलेलं ते. तिसरा म्हणाला, ज्याला क्रम नाही ते. राजा आणखीच चक्रावला आणि त्याने हुकूम सोडला, "जे काय असेल ते नाहीसं करा!"

आता नाहीसं काय करायचं? शिपायांनी वाळत घातलेल्या ओल्या मिरच्या पोत्यांत कोंबल्या. पाखरांची घरटी उतरवली. एकाने तर चांदण्यांकडे बोट दाखवून कोतवालाला विचारलं, "सरकार, ह्यांचं काय करायचं?"

शेवटी ते एका कुंभारणीच्या अंगणात शिरले. तिने उन्हाळ्याचे माठ भाजायला आवा रचला होता. मोठ्या माठांत लहान, एक उपडा, एक आडवा, मध्येच गोवऱ्या, मध्येच मोकळी फट.

"सापडला!" कोतवाल ओरडला. "हाच पसारा!"

"हात लावून तर बघ, मेल्या!" कुंभारीण कडाडली. "त्या फटींतून जाळ फिरतो. गावाचं उन्हाळ्याचं पाणी आहे त्यात, आणि माझं वर्षाचं पोट."

"म्हातारे, आम्हाला शिकवतेस?"

शिपायांनी माठ उंचीप्रमाणे एकमेकांना चिकटवून ओळीत लावले, गोवऱ्या एका कडेला रचल्या आणि आवा पेटवला. दिसायला मोठा देखणा! राजा स्वतः येऊन वाहवा करून गेला.

माठ निघाले ते कडेचे तडकलेले आणि मधले कच्चे. त्यातलाच एक मधला माठ राजवाड्यात नेऊन त्यात पाणी ओतलं, तर त्याचा चिखल होऊन राजाच्या पायांवर आला.

राजाने कुंभारणीला बोलावलं. "बाई, मला काहीच कळेनासं झालंय. हा शब्द येतो तरी कुठून?"

"माझ्या अंगणात तरी तो नव्हता, महाराज. तुमच्या कोतवालाने आणला. कोणता माठ कुठे आणि का, हे मला ठाऊक होतं. ज्याला ते ठाऊक नसतं, त्याच्याच तोंडात हा शब्द जन्मतो."

राजाने हुकूम मागे घेतला. कुंभारणीच्या घरी वर्षाचं धान्य पोचवलं. आणि नवा आवा निघेपर्यंत कोतवाल तांब्याच्या कळशीने दारोदार पाणी भरत राहिला.

बोध: जी रचना आपल्याला कळत नाही तिला पसारा म्हणू नये, रचणाऱ्याला आधी विचारावं.