सतरा खाचांची तलवार

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या कोऱ्या करकरीत तलवारींचीसुद्धा आता माती झाली असेल. लहान असाल तर पुढे सरकून बसा. मोठे असाल तर हातातलं काम जरा बाजूला ठेवा. कारण यातला माणूस एवढा भारी आहे ना, की अर्धा कान देऊन चालणारच नाही!

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे दर खंडेनवमीला चौकातल्या लांबलचक ओट्यावर घरोघरच्या तलवारी ओळीने मांडून पूजा व्हायची. आपल्या घरची तलवार ओळीत असली, की त्या घराची मान वर्षभर ताठ.

फक्त एकाच घराची तलवार त्या ओळीत कधी नसायची. ते घर तेल्याचं.

आता का, ते ऐका. सत्तर वर्षांपूर्वी गावावर शत्रू चालून आला होता. बायका, पोरं, म्हातारे सगळे डोंगरातल्या खिंडीतून पलीकडे निघाले. ते लांब पोचेपर्यंत खिंड अडवायला मागे दोनच माणसं थांबली. एक गावचा सरदार. दुसरा घाण्यावरचा तेली.

संध्याकाळी सरदार एकटाच परत आला. म्हणाला, "खिंड मी एकट्याने धरली. तेली पहिल्या धडकेलाच पळाला."

तिसऱ्या दिवशी तेली आला. अंगात सणसणून ताप, वाचा गेलेली. कमरेला तलवार, तीही म्यानात. लोकांनी उपसायचा प्रयत्न केला, तर ती आत घट्ट बसलेली. बाहेरच येईना. लोक म्हणाले, "बघा, उपसलीच नाही! पळाला." तेली दोन दिवसांनी गेला. एक शब्दही न बोलता.

तेव्हा त्याच्या बायकोच्या पोटात मूल होतं. ते मूल जन्माला आलं ते 'पळपुट्याचा' हे नाव घेऊनच. आता तो सत्तर वर्षांचा म्हातारा झाला होता. दर खंडेनवमीला चौकाच्या कडेला लांब उभा राहायचा, ती ओळ बघायचा आणि घरी जायचा. घाणा आता त्याची लेक चालवायची. म्हातारा तिला एवढंच म्हणायचा, "मरायच्या आधी एकदा बापाची तलवार ओळीत दिसावी गं."

तर त्या वर्षी काय झालं, खुद्द राजा पूजेला येणार असं कळलं. सरदाराचा नातू आता सरदार होता. त्याने लगेच लांबच्या गावाहून एक शिकलगार बोलावला. शिकलगार म्हणजे तलवारी घासून-पुसून नीट करणारा कारागीर. शस्त्रागारात साठ तलवारी होत्या. वर्षानुवर्षं त्यांच्यावर हळद-कुंकू आणि पाणी शिंपडायचे, पण पुसायचं मात्र कोणीच नाही. मग काय होणार? सगळ्या गंजून तपकिरी! सरदाराच्या आजोबांची तीसुद्धा.

घटस्थापनेला शिकलगार आला. दोन गाढवं, एक पेटी आणि एक दगडी चाक, एवढाच संसार.

काय काम करायचा हो तो! दहा-दहा वर्षांचा गंज, आणि हा आधी हातच लावायचा नाही. नुसता बघत बसायचा. मग बोटाने तेल चोळायचा आणि पातं तसंच ठेवून द्यायचा. गंज फुगून मऊ झाला, की बांबूच्या चिपाटीने हळूच उचलायचा. जखमेवरची खपली काढावी तसा! मग विटेची पूड फडक्यातून गाळून, तेलात कालवून, एकाच दिशेने घासायचा. घाई नाही, कंटाळा नाही. आणि त्या तपकिरी खरबरीत लोखंडातून मुंगीच्या पावलांनी पांढरं पोलाद वर यायचं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

सरदाराचा नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा, तिथे उभा होता. तो म्हणाला, "अहो, एवढं चाक आणलंय ना? धरा चाकावर! दोन घटकांत आरसा होईल."

"होईल की," शिकलगार म्हणाला. "आणि दर दसऱ्याला असा आरसा केला, तर दहाव्या दसऱ्याला त्या तलवारीने भाजी चिरता येईल."

"मग चाक कशाला वागवता?"

"विळ्यांना. नव्या विळीला काही आठवत नसतं."

दुसऱ्या दिवशी तेल्याची लेक आली. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली तलवार.

"उस्ताद, ही म्यानातून निघेल का?"

शिकलगाराने तलवार हातात घेतली. कानाजवळ नेऊन हलवली. म्यानाच्या तोंडाशी वास घेतला. "ओली असताना आत घातलीय," तो म्हणाला. "कोणी?"

तिने सगळं सांगितलं. खिंड, ताप, ती ओळ, म्हातारा बाप. शेवटी म्हणाली, "गावात सगळे म्हणतात, उपसलीच नाही. तुम्हीही हसा हवं तर."

"हसेन, पण आधी उघडू दे," तो म्हणाला. "बुधली ठेवून जा, ताई. आणि उद्या अजून एक आण. ही सत्तर वर्षांची तहानलेली आहे."

तीन दिवस त्याने म्यानाच्या तोंडातून थेंब-थेंब तेल सोडलं. चौथ्या दिवशी म्यानावरच्या चामड्याची शिवण एकेक टाका करून उसवली आणि आतल्या लाकडाच्या दोन फळ्या अलगद वेगळ्या केल्या. जोर म्हणून कुठेच नाही! आत तलवार नव्हतीच जणू, गंजाची एक लांब काडी होती.

मग दोन दिवस ते सगळं तेल, चिपाटी आणि विटेची पूड. सातव्या दिवशी तेलीण आली, तर पातं स्वच्छ झालं होतं. तिने ते बघितलं आणि मटकन खालीच बसली.

"अगंबाई! हे काय झालंय? गंजाने खाल्लीय हो सगळी!"

पात्याच्या धारेवर खोल-खोल खाचा होत्या. मोजल्या तर सतरा.

"घालवा ना त्या, उस्ताद," तिने हात जोडले. "चाकावर धरा, काहीही करा. अशी दातपडकी तलवार नेली तर लोक अजून हसतील. बाबा तिथेच कोसळतील."

शिकलगाराने तिच्या बुधलीतली लोखंडी पळी काढून तिच्या हातात दिली आणि स्वतः एक काठी उचलली. "पळी घट्ट धर. मी मारतोय, तू अडव."

"अहो, पण..."

आणि त्याने खरंच काठी हाणली! तेलिणीने दचकून पळी आडवी धरली. टण्ण!

"आता बघ. काठी कुठे लागली?"

तिने बघितलं. "इथे. हाताजवळ."

"माणूस मारतो तेव्हा टोकाकडचा भाग लागतो. अडवतो तेव्हा मुठीजवळचा. आता आजोबांच्या खाचा बघ."

सतराच्या सतरा खाचा मुठीजवळच्या वीतभर जागेत होत्या. पुढचं पातं जवळपास कोरं.

"गंज असा जागा निवडून खात नाही, ताई. हा माणूस मारायला गेलाच नव्हता. तो नुसता उभा होता. सतरा वेळा वार आला आणि सतरा वेळा त्याने तो अडवला. मग रक्त-पाण्याने भरलेली तलवार तशीच म्यानात घातली आणि घरी चालत आला. या मी घासून घालवू म्हणतेस?"

तेलिणीने पदर तोंडाला लावला. बराच वेळ ती त्या खाचांवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

पण गंमत अशी, की त्याच दिवशी सरदाराच्या आजोबांची तलवारही साफ होऊन तयार झाली होती. आणि ती होती अगदी गुळगुळीत. मुठीपासून टोकापर्यंत धारेवर एक ओरखडा नाही! दुकानातून आणून भिंतीला टांगावी तशी.

सरदार ती बघायला आला. एकदा आपली बघितली, एकदा बाकावरची तेलिणीची. माणूस मूर्ख नव्हता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने सगळ्यांना बाहेर घालवलं.

"शिकलगारा, माझ्या पात्यावर दहा-बारा खाचा पाड. आणि तेलिणीचं पातं चाकावर धर. आरसा कर."

शिकलगाराने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पुढची दहा वर्षं शस्त्रागार तुझ्याकडे. राहायला घर देतो. वणवण संपेल तुझी."

"आणि नाही केलं तर?"

"तर गाढवांवर सामान लाद आणि चालायला लाग. या मुलखात तुला कोणी अडकित्तासुद्धा धार लावायला देणार नाही. पोटाचा विचार कर."

"केला," शिकलगार म्हणाला. "पोट दुसऱ्या गावातही भरतं. हात मात्र माझ्याकडे हे दोनच आहेत. सरदार, गंज काढणं माझं काम. पात्याने काय केलं आणि काय नाही, ते बदलणं माझं काम नाही."

तेवढं बोलून त्याने खरंच सामान आवरलं! साठ तलवारींचं काम, राहतं घर, सगळं सोडून. गावाच्या वेशीबाहेर एका झाडाखाली बसून त्याने तेलिणीच्या पात्याला शेवटचा तेलाचा हात फिरवला, म्यान पुन्हा शिवलं आणि तिला निरोप पाठवला, "घेऊन जा."

सरदाराने मग नालबंदाला बोलावलं.

खंडेनवमी उजाडली. ओट्यावर तलवारींची ओळ लागली. राजा आला. सरदाराने आजोबांची तलवार मधोमध ठेवली आणि छाती काढून सांगायला लागला, "महाराज, याच तलवारीने माझ्या आजोबांनी एकट्याने खिंड धरली. या खाचा बघा!"

तेवढ्यात गर्दीतून तेलीण पुढे आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिचा म्हातारा बाप. तिच्या हातात आजोबांची तलवार.

"ए, मागे हो!" सरदार ओरडला. "पळपुट्याची तलवार या ओळीत लागणार नाही!"

"थांबा," राजा म्हणाला. "हीपण त्याच खिंडीतली का?"

"हो महाराज," तेलीण म्हणाली. "तिथे दोनच माणसं होती. एक म्हणाला, दुसरा पळाला. दुसऱ्याला बोलताच आलं नाही."

राजाने दोन्ही तलवारी जवळजवळ ठेवल्या. दोन्हींवर खाचा. "साफ कोणी केल्या? त्याला बोलवा."

शिकलगार वेशीबाहेर गाढवांना दाणा घालत होता. त्याला आणलं. राजाने विचारलं, "सांग, यांच्यातलं कोण पळालं?"

"महाराज, मी तिथे नव्हतो. तलवारी होत्या. त्यांच्यावरून अंगठा फिरवा."

राजाने आधी सरदाराच्या तलवारीच्या खाचांवरून अंगठा फिरवला. चर्रकन कापला! रक्ताचा थेंब ओट्यावर पडला. मग त्याने तेल्याच्या तलवारीवर तोच अंगठा ठेवला आणि सतरा खाचांवरून सावकाश नेला. काही झालं नाही. कडा सत्तर वर्षांत बोथटून गेल्या होत्या, नदीतल्या दगडासारख्या.

राजा सरदाराच्या खाचांकडे परत वाकून बघायला लागला. सगळ्या सारख्या मापाच्या. सारख्या अंतरावर. टोकाकडे ओळीने.

"सरदार," तो म्हणाला, "तुमच्या आजोबांवर शत्रू मोजपट्टी लावून वार करत होता का? हा कंगवा आहे की तलवार?"

गर्दीत हशा पिकला. आणि मागून नालबंद हात जोडत पुढे आला, घामाने निथळत. "महाराज, माफी! नाल घासायची कानस होती माझी, म्हणून एवढ्या रुंद झाल्या. मालक म्हणाले, मी घासलं. त्याआधी त्या पात्यावर काहीसुद्धा नव्हतं."

दोन माणसांच्या दोन तलवारी. एकीवर सतरा वार, दुसरीवर एकही नाही. अजून कोणी काय सांगायचं?

राजाने म्हाताऱ्या तेल्याला पुढे बोलावलं. "बाबा, ही तुम्ही तुमच्या हाताने ठेवा."

म्हाताऱ्याने तलवार उचलली. ओट्यापर्यंत चार पावलं होती. ती चालायला त्याला किती वेळ लागला! कोणी हललं नाही. त्याने ती ओळीच्या अगदी मधोमध ठेवली, मूठ नीट सरळ केली आणि पहिल्यांदाच मोठ्या आवाजात म्हणाला, "माझा बाप." बस. एवढंच. चौकातली म्हातारीकोतारी माणसं एकेक करून त्याच्या पाया पडायला आली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आया त्या दिवशी खिंडीतून सुखरूप पलीकडे गेल्या होत्या.

राजाने शस्त्रागार शिकलगाराच्या ताब्यात दिलं. सरदाराला दुसरी काही शिक्षा केली नाही. एवढंच म्हणाला, "तुमची तलवारही दर वर्षी ओळीत ठेवायची. आहे तशी."

पूजा झाल्यावर सरदार गुपचूप शिकलगाराकडे आला. मान खाली. "उस्ताद, त्या खाचा घालवता येतील का?"

शिकलगाराने पातं उजेडात धरलं आणि खूप हळहळून बघितलं. "येतील सरदार. पण एवढं खोल घासायचं, तर हातात सुरी उरेल. फार सुंदर पातं होतं हो हे. त्याने काही केलं नव्हतं, पण खोटंही बोललं नव्हतं."

दर खंडेनवमीला ती कंगव्यासारखी तलवार ओळीत लागत राहिली. पोरं यायची, दात मोजायची आणि खो-खो हसायची. मग शेजारच्या सतरा खाचांपाशी पोचली, की आपोआप हसायची थांबायची.

तात्पर्य: जुन्यावरचा गंज जरूर काढावा, पण त्याखाली जे खरं निघेल त्याला कानस लावू नये.