विहिरीवरचा खोपा

फार मागे, विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्षी खोपे विणत होते. त्यांतला एक नर अर्ध्या विणीतच थांबला.

"तो बघ, माझा गेल्या वर्षीचा खोपा रिकामा लोंबतोय," तो शेजारच्या म्हातारीला म्हणाला. "पिल्लं उडून जातात, गवत वाळून जातं. मग ही मरमर कशासाठी?"

"माझ्या आजीलाही ते ठाऊक नव्हतं, बाबा," म्हातारी म्हणाली. "पातं हिरवं आहे तोवरच वळतं, एवढं मात्र मला कळतं."

तेवढ्यात त्या जुन्या खोप्यातून एका इवल्याशा मुनियेने डोकं बाहेर काढलं. "जरा हळू बोला की! पोरं आत्ताच निजलीत."

नर ओशाळला. चोचीतलं पातं वाळायच्या आत त्याने पुढची गाठ मारली.