तळहाताएवढी उघडी वाळू

“तिथे काय पुरलंय, बाबा?”

“काही नाही.”

“मग रोज पाणी कशाला शिंपडता?”

मिस्कीनशाह फकीर नुसते हसले. त्यांनी झोळीतून चिमूटभर काळी भुकटी काढली, वाटेच्या कडेच्या तळहाताएवढ्या उघड्या वाळूवर पसरली आणि नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून उरलेलं ओंजळभर पाणी तिच्यावर शिंपडलं.

पद्माकर मास्तरांना ते हसणं आवडलं नाही. चाळीसगावच्या शाळेतली नोकरी सोडून, बायकोचं न ऐकता, ते या वाळवंटात शिष्य व्हायला आले होते. बाबाच खोटे निघाले, तर घरी दाखवायला तोंड उरणार नव्हतं.

बाबांना इथे चाळीस वर्षं झाली होती. झोपडीपुढचा सगळा उतार काळ्या, खरखरीत खपलीनं झाकलेला. उघडी वाळू तेवढीच, तळहाताएवढी. खपलीवर पाय ठेवायचा नाही, असा वस्तीचा नेम होता. उताराखालच्या टाक्यातून पाणी नेणाऱ्या बायका डोईवर घागरी घेऊन अर्धा कोस वळसा घालत.

“ही खपली म्हणजे नीलहरित शैवाल,” मास्तर म्हणाले. “डोळ्यांना न दिसणारे जीव. पावसात जागे होतात, वाळूतून सरकतात, मागे चिकट धागे सोडतात. त्या धाग्यांनी वाळूचे कण बांधले जातात. मी मुलांना शिकवलंय हे.”

“असं होय?” बाबा म्हणाले. “मला नाव ठाऊक नव्हतं.”

“पण शेवाळासाठी कुणी अर्धा कोस चालतं का, बाबा?”

बाबांनी झोळीचं तोंड बांधलं आणि ते झोपडीकडे वळले.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे मास्तरांनी पक्कं धरलं. संशयाला औषध नसतं म्हणतात. शिकलेल्याच्या संशयाला तर पथ्यही चालत नाही.

शुक्रवारी बाबा नमाजासाठी वस्तीत गेले. मास्तरांनी फावडं उचललं.

ते त्या उघड्या जागेच्या चारही बाजूंनी फिरले, तेव्हा खपली पापडासारखी मोडली. गुडघाभर खणलं. काही नाही. कंबरभर खणलं. काही नाही. मग बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. खड्डा खाटेएवढा झाला.

वाळू. खाली आणखी वाळू.

दुपारी वारा सुटला. तो रोजच सुटायचा, पण उतार कधी हलला नव्हता. आज खड्ड्यातून वाळू उठली. मास्तरांच्या एकेका पावलातूनही उठली आणि थेट टाक्याकडे निघाली. खाली बायका ओढण्या काढून टाक्याचं तोंड झाकायला धावल्या.

जिथे खपली शाबूत होती, तिथून एक कणही उडत नव्हता. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

बाबा परतले. वळसा घालूनच.

ते खड्ड्यापाशी वाकले. मोडक्या खपलीचा एक तुकडा उचलला, त्यावर लोट्यातलं पाणी सोडलं आणि वाट पाहत बसले. थोड्या वेळानं काळा तुकडा हिरवट झाला.

बाबांनी तो उजेडात वर धरला. तुकड्याखाली वाळूचे कण लोंबत होते. कशाला धरून लोंबत होते ते दिसत नव्हतं.

“काय मिळालं, मास्तर?”

“काही नाही.”

“मीही माझ्या गुरूंना हेच सांगितलं होतं. याच जागी उभा राहून.”

वारा पडला. मास्तरांनी आपला तळहात खड्ड्याच्या कडेला टेकवून पाहिला.

“तुम्ही खणलेला खड्डा केवढा होता, बाबा?”

बाबांनी खपलीच्या काळ्या भुकटीची झोळी मास्तरांच्या खांद्याला अडकवली. मग त्या खाटेएवढ्या खड्ड्याकडे पाहिलं.

“एवढाच.”